टीबीने आक्रसलेली लघवीची पिशवी: स्टेम सेल की ऑपरेशन?

घणसोलीहून एका थोरल्या भावाने विचारलंय. धाकटा भाऊ ३३ वर्षांचा, तुर्भ्याला गोदामात कामाला. दोन वर्षांपूर्वी किडनीचा आणि मूत्राशयाचा टीबी निघाला. सहा महिने गोळ्या पूर्ण घेतल्या, लघवीत आता जंतू सापडत नाहीत. तरी दिवसा दर वीस-पंचवीस मिनिटांनी लघवीला जावं लागतं, रात्री आठ-नऊ वेळा उठावं लागतं. पिशवीत ८० मिली मावतं असा रिपोर्ट आहे. डाव्या किडनीला सूज, क्रिएटिनिन १.६. एका डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा लावून पिशवी मोठी करायला सांगितलंय, पण भाऊ म्हणतो आतड्याला हात लावू देणार नाही. दरम्यान नवी मुंबईतल्या एका सेंटरने सांगितलं की पोटाची चरबी काढून तिच्यातल्या स्टेम सेल पिशवीत टोचू, तीन सिटिंग, साडेतीन लाख, ऑपरेशन टळेल. पंचवीस हजार भरून झालेत आणि पहिली सिटिंग येत्या गुरुवारी आहे. करावं का?

मी ठाण्यात बावीस वर्षं युरॉलॉजीची प्रॅक्टिस करतोय. थेट उत्तर आधी देतो: गुरुवारची सिटिंग रद्द करा. आता कारणं सांगतो, कारण मी नुसतं 'नको' म्हटलं तर सेंटरचा एक फोन आला की तुम्ही पुन्हा डळमळाल.

तुमच्या मजकुरात स्टेम सेलबद्दल पुष्कळ आहे आणि क्रिएटिनिन १.६ हा आकडा जाता जाता येऊन गेलाय. माझी नजर तिथेच अडकली. क्रिएटिनिन हा रक्तातला कचरा, किडनी जेवढी कमी गाळते तेवढा हा आकडा चढतो. या वयाच्या माणसाचं क्रिएटिनिन एकच्या आसपास असायला हवं. १.६ म्हणजे किडन्यांची गाळण्याची ताकद जेमतेम निम्म्याच्या वर राहिलीय. तुम्ही विचारताय, पिशवी बरी होईल का. मी तुमच्या जागी असतो तर विचारलं असतं, उरलेली किडनी कशी राखायची आणि त्याला हातात किती महिने आहेत. स्टेम सेलचा निर्णयसुद्धा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो.

पिशवीचं आणि किडनीचं नातं थोडं समजून घ्या. निरोगी पिशवी ४०० ते ५०० मिली घेते आणि भरताना आतला दाब जवळपास वाढू देत नाही. स्नायू सैल पडत जातो, भिंत ताणली जाते. टीबीत याच भिंतीत जखमा होतात, आणि त्या भरून येताना स्नायूच्या जागी कोलॅजन येतं, म्हणजे व्रणाचा चिवट धागा. बऱ्याच रुग्णांना हे कुणी सांगितलेलंच नसतं: जंतू मरायला लागतो तेव्हाच व्रण आवळायला लागतो. गोळ्या लागू पडताहेत म्हणून घरात पेढे वाटले जातात, आणि त्याच महिन्यात मूत्रवाहिनी, म्हणजे किडनीतून पिशवीत उतरणारी नळी, हळूहळू बंद होत असते. म्हणून गोळ्या सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने मी सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करून घेतो. रुग्ण वैतागतात, वैतागू देत.

ऑपरेशनमध्ये अशी पिशवी हाताला लागते तेव्हा फरक लगेच कळतो. चांगली भिंत बोटाखाली ओल्या फुग्यासारखी सरकते. ही जुन्या कोल्हापुरी चपलेच्या तळासारखी असते, कात्री चालवली की कुरकुरते. एवढ्याशा ताठ पिशवीत लघवी साठली की दाब चढतो. हा दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या वर राहू लागला की वरून येणाऱ्या लघवीला उतरायला वाट मिळत नाही, किंवा खालची लघवी उलटी वर चढते. दोन्हीत मार किडनीला बसतो, आणि तो दुखत नाही. तुमचा भाऊ त्रासलाय तो घाईने आणि जागरणाने, किडनी गुपचूप जातेय.

आता तुमच्या आकड्यांचा जरा हिशोब करू. साधारण माणूस दिवसाला दीड लिटर लघवी करतो, म्हणजे तासाला ६० मिलीच्या आसपास. ८० मिलीची पिशवी भरायला तासाहून जास्त वेळ लागायला हवा. भाऊ जातोय वीस-पंचवीस मिनिटांनी, म्हणजे प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिलीच बाहेर पडतंय. मग बाकीचं कुठे गेलं? रात्री आठ-नऊ वेळा म्हणजे सुमारे पन्नास मिनिटांनी एकदा. झोपेत ती पिशवी जास्त वेळ धरते आणि दिवसा धरत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. दिवसाच्या घाईत थोडा भाग जळजळीचा, आचके देणाऱ्या स्नायूचा, आणि 'आता संडास कुठे सापडेल' या धास्तीचा असू शकतो. हेही शक्य आहे की पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि मागे पन्नास मिली राहतंय. टीबीत मूत्रमार्गही अरुंद होऊ शकतो. किंवा सूज आलेली किडनी लघवी घट्ट करू शकत नाही म्हणून ती जास्तच तयार होतेय. या प्रत्येक शक्यतेवर वेगळा उपाय आहे, आणि तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टवरून यातली कुठली खरी ते मला सांगता येत नाही.

म्हणून पहिलं काम बिनपैशाचं. तीन दिवस लघवीची डायरी लिहायची: वेळ, किती मिली, काय प्यायला. मोजायला काही महागडं लागत नाही. माझा एक रुग्ण वाशीच्या एपीएमसी मार्केटात हिशोब लिहायचा. त्याने पाण्याची रिकामी बाटली मधोमध कापली, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने दहा-दहा मिली ओतत मार्करने रेघा मारल्या आणि ती बाटली थैलीत घालून फिरायचा. त्याची डायरी अजून डोळ्यासमोर आहे, वहीच्या जमा-नावेच्या रकान्यांतच लिहिलेली: 'सकाळी ७.१० घरी ४०. ७.३५ कोपरखैरणे स्टेशन ३०. ८.०० वाशी २५.' ट्रान्सहार्बरच्या गाडीत शौचालय नसतं, त्यामुळे ठाणे ते वाशी हा प्रवास तो तीन तुकड्यांत करायचा. मधल्या प्रत्येक स्टेशनवरचं शौचालय किती वाजता उघडतं ते त्याला पाठ होतं. सोनोग्राफीपेक्षा त्या वहीने मला जास्त शिकवलं.

दुसरं काम म्हणजे भूल देऊन दुर्बिणीतून पिशवी बघणं आणि ती भरून पाहणं. जागेपणी ८० मिलीला ओरडणारी पिशवी भुलीखाली २५० घेत असेल तर तो आचका आहे, व्रण कमी आहे. मग सोलिफेनासिन, मिराबेग्रॉनसारख्या आचके कमी करणाऱ्या गोळ्या, क्वचित बोटॉक्स, यांना अर्थ आहे आणि मोठं ऑपरेशन टळूही शकतं. भुलीखालीही ८०च घेत असेल तर ती भिंत मेलेली आहे, गोळ्यांनी काही होणार नाही. सोबत किडनीचा न्यूक्लिअर स्कॅन, कुठली किडनी किती टक्के काम करते त्यासाठी, आणि लघवीची टीबी कल्चर, म्हणजे त्यातून जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी, पुन्हा एकदा. हे झाल्याशिवाय 'ऑपरेशनच करा' म्हणणारा आणि 'ऑपरेशन टाळा' म्हणणारा, दोघेही अंधारात बोलताहेत.

आता स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी.

विज्ञान खोटं नाही, हे आधी मान्य करतो. रक्ताच्या कर्करोगात, थॅलेसेमियात मूळ पेशींचं प्रत्यारोपण दशकानुदशकं चालू आहे आणि त्याने माणसं जगतात. पण रक्ताच्या पेशींना कुठल्या आकारात रचून बसायचं नसतं. त्या वाहतात. पिशवीच्या भिंतीत स्नायूचे धागे तीन दिशांनी गुंफलेले असतात, त्यात रक्तवाहिन्या असतात, 'आता भरलंय' हे सांगणाऱ्या नसा असतात, आतून लघवी झिरपू न देणारं अस्तर असतं. नौपाड्यात जुनी इमारत पाडतात तेव्हा नुसते गवंडी आणून सोडले म्हणून नवी उभी राहत नाही. इथे तर जुनी पाडलेलीही नाही, तिच्यातच काँक्रीट ओतून बसलंय. प्राण्यांवरच्या प्रयोगांत टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक काही दिवस-आठवड्यांत नाहीशा होतात. जो फायदा दिसतो तो त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे, सूज कमी होण्यामुळे. ताज्या जखमेत हे उपयोगी पडू शकेल. दोन वर्षांच्या जुन्या व्रणाला ती रसायनं विरघळवतात असं माणसात कुणी दाखवून दिलेलं नाही.

इंटरनेटवर तुम्हाला 'प्रयोगशाळेत वाढवलेलं मूत्राशय' असं काही दिसलं असेल. ती गोष्ट अशी आहे. २००६ मध्ये अँथनी अटाला आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये सात रुग्णांची हकीकत छापली. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेली ही मुलं ४ ते १९ वर्षांची होती. त्यांच्याच पिशवीचा छोटा तुकडा काढून पेशी वाढवल्या, त्या साच्यावर पेरल्या आणि सुमारे सात आठवड्यांनी तो साचा पिशवीला शिवला. जगभर बातम्या झाल्या. लक्षात घ्या, त्या स्टेम सेल नव्हत्या, तयार अस्तराच्या आणि स्नायूच्या पेशी होत्या. आणि इंजेक्शन नव्हतं, पोट उघडून केलेलं ऑपरेशन होतं. पुढे तशाच तंत्रावर दहा मुलांची चाचणी झाली, तिचे निकाल २०१४ मध्ये आले: पिशवीची क्षमता सुधारली नाही, लवचिकता सुधारली नाही, आणि काहींना आतडं अडकण्यापासून पिशवी फुटण्यापर्यंत गंभीर त्रास झाले. त्या निकालाची बातमी कुठल्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मी पाहिली नाही.

म्हणजे निष्णात हातांनी, साच्यासकट, कित्येक आठवडे पेशी वाढवून जे साधलं नाही ते तासाभरात चरबी धुऊन सिरिंजमध्ये भरलेल्या द्रावाने साधेल, असं सेंटर म्हणतंय. त्या द्रावात काय असतं? चरबीतून एन्झाइमने सोडवलेल्या नाना प्रकारच्या पेशी. त्यातल्या मूळ पेशी थोड्याच.

टीबीच्या रुग्णात मला आणखी एक धास्ती आहे. २०१३ मध्ये एका शोधनिबंधात दाखवलं गेलं की उपचार पूर्ण केलेल्या रुग्णांच्या अस्थिमज्जेतल्या एका जातीच्या मूळ पेशींत टीबीचे जिवंत जंतू दडून बसलेले होते. हे रुग्ण आपल्याच देशातले, अरुणाचल प्रदेशातले. ती अस्थिमज्जा होती, चरबी नव्हती, त्यामुळे भावाच्या बाबतीत तेच होईल असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाला शरीरभर फिरलेला टीबी होऊन गेलाय त्याच्या एका जागच्या पेशी काढून व्रणाच्या जागी टोचायच्या तर किमान हा प्रश्न कुणीतरी विचारलेला असावा. सेंटरने विचारला का?

कायद्याची बाजू तुम्हाला उपयोगी पडेल. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या आणि तत्सम काही मान्य आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर ही नेहमीची उपचारपद्धत नाही. तो फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवा. ट्रायल म्हटली की सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर नोंद, एथिक्स कमिटीची मंजुरी, औषध नियंत्रकाची परवानगी हे सगळं आलं. आणि ट्रायलमध्ये प्रयोगाच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. सेंटरला फोन करून एवढंच म्हणा: 'तुमचा सीटीआरआय नंबर व्हॉट्सअॅपवर पाठवा.' नंबर आला तर तो संकेतस्थळावर टाकून बघा की नोंद आक्रसलेल्या पिशवीसाठी आहे की गुडघ्यासाठी. मी गंमत करत नाही, गुडघ्याचा नंबर दाखवलेला मी पाहिलाय.

'टोचून तर बघू, तोटा काय' असं भावाला वाटत असेल. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या एका क्लिनिकमध्ये पोटाच्या चरबीतल्या अशाच पेशी डोळ्यात टोचल्यावर तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१८ मध्ये अमेरिकेतच नाळेतल्या रक्तापासून बनवलेल्या इंजेक्शनांमधून बारा जणांना जंतुसंसर्ग झाला. पण माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा तोटा वेळेचा असतो. काही वर्षांपूर्वी कळव्याचा एक माथाडी कामगार माझ्याकडे आला होता. आजार जवळपास तुमच्या भावासारखाच, पिशवी ७० मिली, क्रिएटिनिन १.५. ऑपरेशनची तारीख दिली, तो आलाच नाही. कुठल्याशा सेंटरमध्ये इंजेक्शनं घेत होता. पहिल्या सिटिंगनंतर बरं वाटलं म्हणे, वाटतंच थोडे दिवस. अकरा महिन्यांनी बायको त्याला रिक्षातून घेऊन आली तेव्हा क्रिएटिनिन ३.८ होतं, दोन्ही किडन्या सुजलेल्या. आम्ही पाठीतून दोन्ही बाजूंना नळ्या घातल्या, आकडा २.६ वर येऊन थांबला. आतडं लावायची संधी गेली होती. आतड्याचं अस्तर लघवीतली आम्लं रक्तात परत शोषतं, चांगली किडनी ती बाहेर टाकते, कमजोर किडनीला ते झेपत नाही. क्रिएटिनिन दोनच्या वर स्थिरावलं की आम्ही हे ऑपरेशन करायला कचरतो ते यासाठी. तुमचा भाऊ आज १.६ वर आहे. दार अजून उघडं आहे.

या १.६ मधला काही भाग अडथळ्याचा असेल तर तो परतही येऊ शकतो. डाव्या मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट (आतून वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) किंवा पाठीतून नळी घालून दोन-तीन आठवडे बघायचं. १.२ वर आलं तर मोठा दिलासा, नाही आलं तरी निदान खरा पाया कळतो. हे काम पिशवीच्या निर्णयासाठी थांबत नाही, ते या आठवड्याचं आहे.

आता भावाची आतड्याची भीती. ती रास्त आहे आणि तिला दटावून चालणार नाही. त्याला समजावून सांगा की लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब असतं, त्यातले वीस ते चाळीस सेंटिमीटर घेतात. उरलेली टोकं लगेच जोडतात, जेवणखाण पुन्हा पहिल्यासारखं होतं. बी-१२ शोषणारा शेवटचा पंधरा-वीस सेंटिमीटरचा भाग आम्ही मुद्दाम सोडतो. घेतलेला तुकडा उभा चिरून चादरीसारखा उलगडतात आणि पिशवीवर टोपीसारखा शिवतात. न उलगडता नळीसारखाच ठेवला तर तो आतड्यासारखाच वागतो, अन्न ढकलतो तशी लघवी ढकलतो. माणसात हे पहिल्यांदा १८८९ मध्ये मिकुलिच नावाच्या सर्जनने केलं. सव्वाशेहून जास्त वर्षांत त्याचे गुण जसे माहीत झालेत तसे दोषही.

दोष लपवत नाही. आतडं चिकट स्राव सोडतं. पहिले काही आठवडे लघवीत भेंडीच्या तारेसारखं काहीतरी येतं आणि नळीतून सलाइनने पिशवी धुवावी लागते. पुढे खडे होऊ शकतात. काहींना पोट आवळूनही पूर्ण लघवी होत नाही, मग दिवसातून चार-पाच वेळा स्वतः पातळ नळी घालून पिशवी रिकामी करावी लागते, कायमची. दर वर्षी सोनोग्राफी, रक्ततपासणी, काही वर्षांनी दुर्बीण. पोटात अचानक जोरात दुखलं तर 'गॅस असेल' म्हणून घरी बसायचं नाही, जोडलेला भाग फुटलेला असू शकतो. हे सगळं ऐकून जो हो म्हणतो तोच पुढे नीट सांभाळतो. एपीएमसीचा तो हिशोबनीस आता तीन-साडेतीन तासांनी जातो. नळी चष्म्याच्या डबीत ठेवतो आणि ट्रान्सहार्बरच्या गाडीत थेट बसतो. मागच्या वेळी आला तेव्हा तक्रार एकच होती, आता विंडो सीट मिळत नाही.

पैशांचं म्हणाल तर साडेतीन लाखांची जुळवाजुळव केलीय ती तशीच राहू द्या, पण आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. सायन, केईएम, नायर या तिन्हीकडे युरॉलॉजीचे स्वतंत्र विभाग आहेत. तारीख मिळायला वेळ लागतो, पण स्टेंट घालायचं काम तातडीचं म्हणून आधी होऊ शकतं. ओपीडीत पहिल्याच वाक्यात 'टीबी, एक किडनी सुजलेली, क्रिएटिनिन १.६' असं म्हणा. पिशवीपासून सुरुवात केलीत तर रांगेत मागे जाल.

उद्या सकाळी क्रिएटिनिन पुन्हा करा आणि सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मागे किती राहतं ते मोजायला सांगा. डायरी आजपासून. सेंटरकडे पंचवीस हजार लेखी मागा, मेसेजवर मागितले तरी चालतील, आणि पावती दिली नसेल तर तीही मागा. परत मिळतील न मिळतील. गुरुवारची भावाची रजा मात्र रद्द करू नका, त्या दिवशी त्याला बाटली आणि वही घेऊन युरॉलॉजीच्या ओपीडीत बसवा.